बाल न्याय कायद्याचं द्विभाषी पुस्तक: या कामात येणाऱ्यांनी घ्यावं का?

बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, 2015. इंग्रजी-मराठी बेअर अ‍ॅक्ट, म्हणजे भाष्याशिवाय फक्त कायद्याचा मजकूर, सोबत केंद्राचे 2016 चे आदर्श नियम आणि त्यांचे सगळे नमुने (फॉर्म). कागदी बांधणी, छापील किंमत 395 रुपये. पुण्यात अप्पा बळवंत चौकात मला ते 340 ला मिळालं. प्रकाशकाचं नाव लिहीत नाही, कारण खाली ज्या तक्रारी आहेत त्या बाजारातल्या इतर द्विभाषी आवृत्त्यांनाही थोड्याफार फरकाने लागू होतात. तुमच्या हातात जी आवृत्ती पडेल ती याच कसोटीवर तपासा.

मी एका जिल्हा बाल संरक्षण कक्षात विधी व परिविक्षा (प्रोबेशन) अधिकारी आहे, कंत्राटी. त्याआधी एका संस्थेतर्फे रेल्वे स्थानकावर सापडणाऱ्या मुलांसोबत काम केलं. जिल्हा सांगत नाही आणि खाली ज्या मुलांबद्दल लिहिलंय त्यांचे तपशील बदललेले आहेत. कलम 74 मुलाची ओळख उघड करायला मनाई करतं. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ते कलम पत्रकारांइतकंच मलाही लागू आहे.

दरवर्षी समाजकार्य महाविद्यालयाचे विद्यार्थी आमच्याकडे क्षेत्रकार्याला येतात. त्यातले दोघं-तिघं तरी विचारतात, मॅडम, याच क्षेत्रात राहायचं ठरवलंय, आधी काय वाचू? माझं उत्तर हे पुस्तक. लेख, व्याख्यानं, कार्यशाळा सगळं नंतर. हा कायदा जाड नाही. कलमं 112 आहेत, पण रोजच्या कामात दहा-बाराच लागतात आणि ती बोटांवर असायला हवीत. नेमकी ती कोणती, हे पुस्तक सांगत नाही. ते काम आधी या वाटेने गेलेल्यांचं आहे, म्हणून हे लिहिते आहे.

कायदा इंडिया कोडच्या संकेतस्थळावर फुकट आहे, मग पैसे कशाला घालवायचे, असं विद्यार्थी विचारतात. त्याचं उत्तर पोलीस ठाण्यात मिळतं. एकदा संध्याकाळी पंधरा वर्षांच्या एका मुलाला मोबाइल चोरीच्या संशयावरून आणलं होतं. ठाणे अंमलदार एफआयआर लिहायला बसले होते. मी म्हटलं, साहेब, हा सज्ञान माणसासोबत केलेला गुन्हा नाही आणि घृणास्पद, म्हणजे किमान सात वर्षं शिक्षेच्या प्रकारातलाही नाही. मग नियम 8 प्रमाणे एफआयआर होत नाही. स्टेशन डायरीत नोंद करायची आणि नमुना 1 मध्ये मुलाच्या सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल भरायचा. ते म्हणाले, असं कुठं असतं का मॅडम? मी पुस्तक उघडून मराठी पान त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी दोनदा वाचलं, वरिष्ठांना फोन लावला, आणि डायरी ओढली. मोबाइलच्या पडद्यावरची पीडीएफ दाखवली असती तर हे झालं असतं असं मला वाटत नाही. छापलेल्या पानाला आपल्याकडे अजून वजन आहे. शिवाय ते पान मराठीत होतं. द्विभाषी आवृत्ती घ्यायचं माझ्यासाठी हे एक कारण पुरेसं आहे. मराठी मजकूर जड आहे, वाक्यं लांबलचक आहेत, पण ज्याला वाचायचं आहे त्याला कळतं.

याच विषयावरचं कलम 10 पाहा. मुलाला ताब्यात घेतल्यापासून प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे (एक दंडाधिकारी आणि दोन समाजसेवक) हजर करायचं, आणि कुठल्याही परिस्थितीत कोठडीत किंवा तुरुंगात ठेवायचं नाही. पोलीस गणवेशात नकोत, बेड्या नकोत. मंडळाची बैठक नेहमीच्या कोर्टाच्या आवारात नको, मंडळाने उंच चौथऱ्यावर बसू नये, मध्ये साक्षीदाराचा पिंजरा नको. हे सगळं नियमांत लिहिलेलं आहे. पहिल्यांदा वाचणाऱ्या विद्यार्थ्याला या बारीकसारीक गोष्टी वाटतात. पण मंडळासमोर उभ्या राहिलेल्या मुलाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. त्याच्या आणि दंडाधिकाऱ्यांच्या मध्ये फक्त एक टेबल असेल तर तो बोलतो. नाहीतर बोलत नाही.

आता वयाचं कलम, 94. आमच्या भागात काम करायचं असेल तर या कलमाला खूण घालून ठेवा. शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा मॅट्रिकचं प्रमाणपत्र पहिलं, ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची किंवा दुसरी वैद्यकीय चाचणी, असा क्रम त्यात आहे. चाचणीचा आदेश झाला की पंधरा दिवसांत ती व्हायला हवी. पुस्तकात हे एवढंच आहे. पण महाराष्ट्रातल्या खेड्यांतल्या कितीतरी मुलांची जन्मतारीख 1 जून असते, हे पुस्तकाला ठाऊक नाही. पहिलीत नाव घालताना आईबापाला तारीख सांगता आली नाही की गुरुजी 1 जून टाकून मोकळे होतात. ऊसतोडीला गेलेल्या घरातलं पोर असलं तर सहा-आठ महिन्यांचा फरक सहज पडतो. सोळा किंवा अठराच्या उंबरठ्यावर तो फरक मुलाचं आयुष्य बदलू शकतो. कायद्यापुढे मात्र दाखलाच चालतो. म्हणून परिविक्षा अधिकाऱ्याला शाळेत स्वतः जावं लागतं, जनरल रजिस्टर बघावं लागतं, नोंद पहिलीची आहे की मधल्या इयत्तेतली हे पाहावं लागतं. एका मुलाच्या बाबतीत शाळेच्या रजिस्टरात नोंद एक होती आणि पोलिसांनी आणलेल्या दाखल्याच्या प्रतीत दुसरी. रजिस्टरची साक्षांकित प्रत आणायला दोन चकरा झाल्या. मंडळाने रजिस्टर मानलं.

कलम 12 आलं की मी थोडी थांबते, कारण 2024 नंतर मला सगळ्यात जास्त प्रश्न त्याबद्दलच आले. पुण्यात कल्याणीनगरला 19 मे 2024 च्या पहाटे मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंते गेले. गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता असा आरोप होता. त्याला त्याच दिवशी जामीन मिळाला, सोबत 300 शब्दांचा निबंध लिहायची अट. पुढे त्याला निरीक्षणगृहात (चौकशी चालू असताना मुलांना ठेवतात ती संस्था) ठेवलं गेलं, आणि 25 जूनला मुंबई उच्च न्यायालयाने तिथून सोडलं. घरच्या लग्नकार्यातसुद्धा लोक मला विचारायचे, तुमचा कायदा असाच आहे का? दोन घरं उद्ध्वस्त झाली होती. लोकांचा राग मला पूर्ण समजतो. पण कलम 12 आजही उघडून बघा. मुलाला जामीन हा नियम आहे. नाकारायचा तर तीनच कारणं आहेत. तो सुटल्यावर ओळखीच्या गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याला नैतिक, शारीरिक किंवा मानसिक धोका होईल, किंवा न्यायाचा उद्देशच विफल होईल. आरोप किती गंभीर आहे हे त्या यादीत नाही. या कलमाचा लाभ श्रीमंताच्या पोराला मिळाला म्हणून ते वाईट ठरवलं, तर उद्या त्याचा फटका कुणाला बसेल हे मी रोज बघते. निरीक्षणगृहात बसलेली बहुतेक मुलं ज्या घरांतली असतात, तिथे वकील बोलावायला पैसे नसतात.

याच कलमाचं पोटकलम चार पाहा. वर्तमानपत्रांत ते मी कधी वाचलं नाही. जामीन मिळाला, पण अटी पुऱ्या करता येत नाहीत म्हणून मूल सात दिवस आतच राहिलं, तर त्याला पुन्हा मंडळापुढे आणायचं आणि अटी बदलायच्या. गरिबाचं पोर जामीनदार मिळत नाही म्हणून अडकतं. बाप दुसऱ्या जिल्ह्यात वीटभट्टीवर, आईकडे आधार कार्ड आहे पण त्यावर जुना पत्ता. अशा वेळी हे दोन ओळींचं पोटकलम लावून धरायचं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलांना मी ते दर वेळी आठवणीने दाखवते. नवीन वकिलांनो, या क्षेत्रात येणार असाल तर पॅनेलवर नाव द्या. तुमच्यातल्या एकाने हे पोटकलम वापरायचं ठरवलं तर निरीक्षणगृहातल्या काही खाटा त्याच आठवड्यात मोकळ्या होतात.

कलम 15 बद्दल सगळीकडे चर्चा असते म्हणून थोडक्यात. सोळा ते अठरा वयाच्या मुलावर घृणास्पद गुन्ह्याचा आरोप असेल, म्हणजे किमान शिक्षाच सात वर्षांची असेल, तर प्राथमिक मूल्यांकन करून त्याला मोठ्यांसारखा खटला चालवायला बालन्यायालयाकडे पाठवायचं का, हे मंडळ ठरवतं. मुदत तीन महिन्यांची. 2012 च्या दिल्लीच्या घटनेनंतर जो संताप उसळला, त्यातून हे कलम आलं. पुस्तकात त्याच्या तळाशी टीप हवी होती, ती नाही. जुलै 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मंडळात बालमानसशास्त्र किंवा मानसोपचाराची पदवी असलेला व्यावसायिक नसेल, तर तज्ज्ञाची मदत घेणं मंडळाला बंधनकारक आहे. मानसशास्त्र शिकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. जिल्ह्याच्या ठिकाणी असा तज्ज्ञ शोधताना आमची दमछाक होते, आणि मुलाची मानसिक क्षमता अर्ध्या तासात उरकणारे लोक मला मुळीच नको आहेत. बेंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेचा ‘संवाद’ हा उपक्रम याच विषयाचं प्रशिक्षण देतो. ते घ्या आणि या कामाला या.

आता पुस्तकाचा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात वाईट छापलेला भाग: नमुना 6, सामाजिक तपासणी अहवाल. आम्ही एसआयआर म्हणतो. कलम 13 प्रमाणे परिविक्षा अधिकाऱ्याने तो दोन आठवड्यांत मंडळाला द्यायचा असतो. मुलाचं कुटुंब, घर, कमाई, शाळा, शाळा का सोडली, मित्र कोण, मुलाच्या सवयी, त्याच्यावर कुठला अत्याचार झाला का, त्याला कुणी वापरून घेतलं का, आणि शेवटी तुमचं मत व शिफारस. हा अहवाल नीट झाला तर मंडळापुढे मूल उभं राहतं. नाही झाला तर फक्त गुन्ह्याचा क्रमांक उभा राहतो. परिविक्षा अधिकारी व्हायचं म्हणजे हा अहवाल लिहायला शिकायचं, बाकीचं सगळं त्याच्या मागून येतं.

या पुस्तकात नमुन्यांचे टाइप इतके बारीक आहेत की चष्मा लावूनही रांगा चुकतात. तक्ता पानाच्या मधोमध तुटलाय, त्यामुळे एका रकान्याचं शीर्षक मागच्या पानावर आणि जागा पुढच्या पानावर. मराठी नमुना तर इंग्रजी नमुन्यापासून पंचवीस पानं लांब. ज्या पानावर सगळ्यात जास्त हात फिरणार, तेच प्रकाशकाने सगळ्यात कमी काळजीने छापलंय. शेवटी मी तो नमुना स्वतः टाइप करून घेतला.

नमुना हातात असूनही काय लिहायचं, हे एका प्रसंगातून सांगते. शेतातल्या मोटारीची केबल कापून तांबं विकल्याच्या आरोपावरून एक मुलगा आला होता. नमुना 1 मध्ये कौटुंबिक पार्श्वभूमीपुढे लिहिलं होतं, ‘पालकांचे लक्ष नाही’. मी गावात गेले. आई कारखान्याच्या हंगामात ऊसतोडीला, वडील कधीचे सोडून गेलेले, पोर आजीकडे. गावातली शाळा आठवीपर्यंत. पुढची शाळा नऊ किलोमीटरवर, एसटी सकाळची चुकली की दिवस गेला. नववीत काही महिने गेला, मग सुटलं. तांबं कुणाला विकायचं हे त्याला भंगार घेणाऱ्या एका मोठ्या माणसाने सांगितलं होतं, आणि केबल कापायची पक्कडही त्यानेच दिली होती. आजी म्हणाली, बाई, त्यो माणूस दर आठवड्याला दारात गाडी लावून पोराची वाट बघायचा. हे सगळं अहवालात गेलं, आजीच्याच शब्दांत. ज्याने मुलाला अवैध कामासाठी वापरलं त्याच्यासाठी कलम 83 चं पोटकलम दोन आहे, सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी. भारतीय न्याय संहितेत कलम 95 आहे. मंडळाने पोलिसांना त्या माणसाकडे बघायला सांगितलं. मुलासाठी मी कलम 18 खाली चांगल्या वर्तणुकीच्या परिविक्षेवर सोडण्याची शिफारस केली, आणि आजीसाठी बालसंगोपन योजनेचा अर्ज. महिना 2,250 रुपये. मुलगा पुन्हा नववीत बसला, दहावीत पुन्हा सुटला. आता मंडपवाल्याकडे कामाला जातो आणि माझ्याकडे ठरल्या दिवशी येतो. त्याला रात्रशाळेत घालायचं चाललंय. तालुक्याला रात्रशाळाच नाही, म्हणून मुक्त विद्यालयाचा फॉर्म आणून ठेवलाय.

कलम 18 ची यादी विद्यार्थ्यांनी पाठ करावी. समज देऊन घरी सोडणं, गटसमुपदेशन, सामुदायिक सेवा, पालकांना दंड, परिविक्षा, आणि अगदी शेवटी विशेषगृह (दोषी ठरलेल्या मुलांची संस्था), तेही जास्तीत जास्त तीन वर्षं. क्रम बघा. घर आधी, संस्था शेवटी. अहवाल आळसाने लिहिला की मंडळाला संस्थेशिवाय पर्याय दिसत नाही. मी जुने अहवाल चाळले तेव्हा एकाच्या शिफारशीत ‘मुलास निरीक्षणगृहात ठेवणे योग्य’ एवढीच ओळ होती. त्या मुलाच्या घरी कुणी गेलं होतं का, याचा त्यात पत्ता नव्हता.

कलम 24 हे माझं आवडतं कलम. मुलाने बालवयात केलेल्या गोष्टीमुळे पुढे त्याला कुठलीही अपात्रता लागू नये, आणि दोषसिद्धीचे कागद अपिलाची मुदत संपल्यावर नष्ट करावेत, असं ते सांगतं. ज्याच्यावर मोठ्यांसारखा खटला चालून दोषसिद्धी झाली, त्याला हे संरक्षण नाही. आदर्श नियमांत अपिलाची मुदत किंवा सात वर्षं अशी मर्यादा आहे. एक मुलगा सुरक्षारक्षकाच्या नोकरीसाठी चारित्र्य पडताळणीला गेला. ठाण्यात त्याची जुनी नोंद निघाली, दाखल्यावर शेरा मारला. तो आईला घेऊन आमच्याकडे आला. मंडळाच्या आदेशाची प्रत, कलम 24 ची झेरॉक्स आणि एक अर्ज, एवढ्यावर शेरा निघाला. अशी कामं कुणी सांगत नाही. पण मुलं सुटल्यानंतर त्यांच्या आयुष्यात तुमची गरज लागते ती इथेच. संस्थेतून अठराव्या वर्षी बाहेर पडणाऱ्यांसाठी कलम 46 ची अनुरक्षण सेवा, म्हणजे बाहेर पडल्यावरची मदत, आहे, एकवीस वर्षांपर्यंत. पुस्तकाच्या मागच्या सूचीत ‘अनुरक्षण’ हा शब्दच नाही. सूची एकूणच कच्ची आहे.

प्रस्तावना चार पानांची आहे आणि तीही अर्धी सरकारी परिपत्रकासारखी. इतिहास एका परिच्छेदात गुंडाळलाय, आणि मला ते लागलं, कारण हा इतिहास बराचसा आपल्या मातीतला आहे. 1924 चा बॉम्बे चिल्ड्रन अ‍ॅक्ट, 1927 ची मुंबईची चिल्ड्रन्स एड सोसायटी. डोंगरीचं निरीक्षणगृह ज्या इमारतीत भरतं ती जुनी उमरखाडीची जेल. टिळक आणि आगरकर 1882 मध्ये 101 दिवस तिथे होते. आणि शीला बारसे. मुलांना तुरुंगात ठेवू नका म्हणून या पत्रकार बाई सर्वोच्च न्यायालयात गेल्या, 1986 मध्ये त्यांच्या याचिकेवर आदेश झाले, आणि त्याच वर्षी देशभरासाठी पहिला बाल न्याय कायदा संमत झाला. या क्षेत्रात येणाऱ्या मराठी मुलींना हे नाव माहीत असायला हवं. पुस्तकात ते एकदाही नाही.

पण सगळ्यात गंभीर तक्रार दुरुस्त्यांची आहे. 2021 चा दुरुस्ती कायदा 1 सप्टेंबर 2022 पासून लागू झाला. या आवृत्तीत तो मूळ कलमांत मिसळलेला नाही, शेवटी परिशिष्ट म्हणून चिकटवलाय. नवशिका माणूस कलम 86 वाचतो तेव्हा त्याला जुना मजकूर दिसतो: तीन ते सात वर्षांची शिक्षा असलेले या कायद्याखालचे गुन्हे दखलपात्र. दुरुस्तीनंतर ते अदखलपात्र झाले. म्हणजे मुलाला भीक मागायला लावणं, मूल विकणं, यांच्यासाठी फक्त याच कायद्याची कलमं लावली तर न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. मला हा बदल मुलांच्या हिताचा वाटत नाही आणि मी ते बैठकांत बोलते. पण तो आज कायदा आहे. जुनं पान दाखवून ठाण्यात भांडायला गेलात तर तुमचंच म्हणणं पडतं, आणि पुढच्या वेळी तुमचं पुस्तक कुणी उघडत नाही. अशा वेळी न्याय संहितेतलं मानवी तस्करीचं कलम लागतं का ते आधी बघा. भारतीय न्याय संहिता 1 जुलै 2024 पासून आली. या पुस्तकात अजून सगळीकडे भारतीय दंड संहिता आणि जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता आहे, कुठलं जुनं कलम नव्यात कितवं, हे सांगणारा तक्ता नाही. आणि महाराष्ट्राचे 2018 चे स्वतंत्र नियम यात अजिबात नाहीत. मराठी वाचकासाठी काढलेल्या पुस्तकात महाराष्ट्राचे नियम नसावेत, हे मला पटत नाही.

पुस्तकाबाहेरचं थोडं, कारण विद्यार्थी पगाराचं विचारतात आणि त्यांना खरं सांगायला हवं. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे विधी व परिविक्षा अधिकाऱ्याला महिना 27,804 रुपये, क्षेत्रीय कार्यकर्त्याला 10,592. करार दरवर्षी नव्याने होतो, आणि मानधन कधी कधी दोन-दोन महिने अडकतं. इतक्या पैशांत दोन आठवड्यांत घरभेट, शाळाभेट, अहवाल अपेक्षित असतो. रिकाम्या जागा भरा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये सांगितलं होतं. मी हे काम सोडणार नाही, पण त्या जागा न भरणं हा मुलांवरचा अन्याय आहे, हे मी प्रत्येक ठिकाणी म्हणत राहणार. दुसऱ्याही वाटा आहेत. मंडळावर सदस्य व्हायचं तर मुलांच्या आरोग्य, शिक्षण किंवा कल्याणाच्या कामाचा सात वर्षांचा अनुभव लागतो, किंवा कायद्यात दिलेल्या विषयांतली पदवी आणि प्रत्यक्ष व्यवसाय. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांचं बघणाऱ्या बाल कल्याण समितीसाठी 2021 च्या दुरुस्तीनंतर त्या अनुभवासोबतही ठरलेल्या विषयांतली पदवी लागते. मंडळावरच्या दोन समाजसेवकांपैकी एक तरी बाई हवी. समितीतही एक बाई हवीच. टाटा समाज विज्ञान संस्थेत या विषयाचं शिक्षण आहे, आणि तिथून 1990 मध्ये सुरू झालेला ‘प्रयास’ हा प्रकल्प कोठडी आणि तुरुंगाशी संबंधित काम करतो. मुंबईत राहणं परवडत असेल तर तिथे काही महिने काढा. नसेल परवडत, तर तुमच्या जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षात अर्ज द्या. आम्हाला माणसं हवी आहेत.

कुणी घ्यावं: समाजकार्याचे आणि कायद्याचे विद्यार्थी, बाल कल्याण पोलीस अधिकारी (प्रत्येक ठाण्यात एक असायला हवा, कलम 107), बालगृहांचे अधीक्षक, आणि गावच्या बाल संरक्षण समितीतले सरपंच व अंगणवाडीताई. शेवटच्या दोघांना मराठी पानंच पुरतील. कुणी घेऊ नये: ज्यांच्याकडे 2022 नंतरची दुरुस्ती मिसळलेली आवृत्ती आहे त्यांनी, आणि ज्यांना फक्त परीक्षेपुरतं कलम 15 हवंय त्यांनी.

दुकानात पैसे देण्याआधी तीन पानं उघडा. कलम 86 चं पोटकलम दोन, तिथे ‘अदखलपात्र’ छापलंय का. कलम 2 ची व्याख्या क्रमांक 54, गंभीर गुन्हा, तिथे कमाल शिक्षा सात वर्षांहून जास्त, पण किमान शिक्षा मुळीच नाही किंवा सात वर्षांहून कमी, अशा गुन्ह्यांचा नवा भाग आहे का. आणि नमुना 6, दुकानातल्या ट्यूबलाइटच्या उजेडात तो सरळ वाचता येतो का. तिन्ही जमत असेल तर किंमत थोडी जास्त असली तरी घ्या. माझ्या प्रतीत पहिली दोन उत्तरं परिशिष्टात मिळतात आणि तिसऱ्याचं उत्तर नाही असं आहे, तरी ती माझ्या पिशवीत असते, मागच्या बाजूला महाराष्ट्राच्या 2018 च्या नियमांची झेरॉक्स टाचून.